ओट्यावरचं मीठ

नॉर्वेतल्या ग्रोदालच्या दरीत माणसाला एकदा नाव पडलं की ते कबरीपर्यंत त्याच्यासोबत जातं. ओद्वारला अशी तीन नावं पडली. त्यातलं तिसरं टिकलं.

पहिलं पडलं तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि हवाई दलात लढाऊ विमान चालवायला लागून त्याला वर्ष झालं होतं. सप्टेंबरातल्या एका सरावाच्या दिवशी त्याने नेमून दिलेल्या वाटेवरून जरा वाकडं वळण घेतलं आणि चर्चच्या मनोऱ्याच्या थोडंसं वरून आपली दरी एकदा पार केली. खाली, उन्हाळाभर डोंगरावर चरून त्याच सकाळी उतरवलेल्या मेंढ्या वाड्यांमध्ये कोंडलेल्या होत्या. त्यांनी कुंपणं मोडली. तीन शेतांच्या मेंढ्या एकमेकींत मिसळल्या, आणि कानातले बिल्ले वाचून वाचून त्या वेगळ्या करण्यात दोन दिवस गेले. त्याची आई मात्र अंगणात उभी राहून विमान दिसेनासं झाल्यावरही हात हलवत होती. लोकांनी त्याला 'गडगडाट' म्हणायला सुरुवात केली. शिव्या देतानाही त्यात कौतुक होतं.

शेत थोरल्या बहिणीचं, गुन्वोरचं. तिकडे जमीन पहिल्या अपत्याकडे जाते, मग ती मुलगी असो की मुलगा. धाकट्याने आपलं आपण बघायचं. ओद्वारने वर बघितलं, एवढंच.

पुढे एका वसंतात त्याला दक्षिणेच्या समुद्रातल्या एका बेटावर पाठवलं. रोज सकाळी तिथून उडायचं, समुद्र ओलांडायचा, एका वाळवंटी देशावर बॉम्ब टाकायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचं. जेवणात ऑलिव्ह असत, उन्हात पिकलेले टोमॅटो असत. घरी असे टोमॅटो कुणी खाल्ले नव्हते. लक्ष्य वरून ठरून येई. कागदावर आकडे असत आणि आकड्यांखाली एक शब्द: मान्य. कुणी मान्य केलं ते कागदावर नसे.

एका दुपारी पडद्यावरच्या करड्या चित्रात त्याला एका इमारतीमागचं अंगण दिसलं. अंगणात काहीतरी हलत होतं. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. सैनिकांचे कपडेही कुणीतरी धुतंच. त्याच्याकडे दोन सेकंद होते, आणि त्या दोन सेकंदांत त्याला कागदावरचा शब्द आठवला. परतल्यावर त्याने विचारलं, तिथे काय होतं. लक्ष्य मान्य होतं, असं उत्तर मिळालं. मग सगळे जेवायला गेले.

हे त्याने आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं. गुन्वोर लोकर कातरत होती, मेंढी तिच्या गुडघ्यांत उताणी धरलेली होती. तिने कातर न थांबवता सगळं ऐकलं. मेंढी सोडून दिल्यावर म्हणाली, "मग तू वळला का नाहीस?" तिने पुढची मेंढी ओढली.

अडतिसाव्या वर्षी त्याने हवाई दल सोडलं आणि ग्रोदालच्या वरच्या राष्ट्रीय उद्यानात रक्षकाची नोकरी धरली. मुलाखतीत त्याला विचारलं गेलं, आकाशातला माणूस इथे कशाला येतो. तो म्हणाला, जे दिसेल तिथपर्यंत चालत जाता यावं म्हणून. त्यांनी ते लिहून घेतलं. वाक्य त्यांना आवडलं असावं.

आणि तो चालला. नॉर्वेच्या त्या उंच, झाडं नसलेल्या डोंगरावर त्याच्याइतकं कुणी चाललं नसेल. बंदी असलेल्या भागात बर्फावरच्या स्कूटर घेऊन येणाऱ्यांना अडवायचं, मेलेल्या मेंढीच्या नरड्यावरच्या खुणा बघून ती गरुडाने मारली की आणखी कुणी ते ठरवायचं, आणि जूनमध्ये टेकडीवर पालथं पडून रानटी रेनडिअरची वासरं मोजायची. ग्रोदालच्या कळपात अकराशेच्या आसपास जनावरं होती. दरीतल्या प्रत्येक शेताला शिकारीचा वाटा होता, आणि ऑगस्टच्या विसाव्या तारखेला, शिकार सुरू होई तेव्हा, शाळेलाही सुट्टी असे. विमान सोडून पायी हिंडणाऱ्या ओद्वारचं आता दुसरं नाव पडलं: 'पायदळ'. हे नाव ठेवणारा होता ताल्लेइव, शेजारच्या शेतावरचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती आणि त्याची भरपाई तो जिभेने करी.

त्या वर्षांत ओद्वार सुखी होता का, हे सांगता येत नाही. हवाई तळाजवळच्या घरात त्याची बायको होती, ती तिथेच राहिली. मूल नव्हतं. रविवारी तो गुन्वोरकडे मटण आणि कोबी खायला जाई. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली गेला होता, आणि तिचे गुडघे त्याच्या मागोमाग जायला निघाले होते. म्हणून मिठाचं काम ओद्वारकडे आलं.

मिठाचं काम असं. मेंढ्या उन्हाळाभर डोंगरावर मोकळ्या चरतात. त्या फार दूर जाऊ नयेत आणि त्यांच्या अंगात बळ राहावं म्हणून ठरलेल्या जागी मिठाचे दगड ठेवतात, दहा दहा किलोचे, लालसर. पूर्वी पाठीवरून न्यायचे. जागा मात्र पिढ्यान् पिढ्या त्याच असतात. दगड चाटून संपला तरी पावसाने मीठ जमिनीत मुरतं, जनावरं ती माती खातात आणि तिथे खळगा पडतो. ग्रोदालच्या डोंगरावर असे बारा खळगे होते. बारावा सर्वांत वर होता, वाऱ्याने नेहमी उघडा राहणारा एक सपाट कातळ. तिथे गुन्वोर आणि ओद्वारच्या आजोबांनी पहिलं मीठ ठेवलं होतं, म्हणून घरात त्याला आजोबांचा ओटा म्हणत. बाहेरच्यांना तो ठाऊक नव्हता.

एप्रिलमध्ये, बर्फ जायच्या आधी, ओद्वार गस्तीला निघे तेव्हा स्कूटरच्या मागच्या घसरगाडीवर बहिणीचे दगड असत. स्कूटर सरकारी, पेट्रोल सरकारी. कुणाची हरकत नव्हती. बाकीच्या शेतांनीही हळूहळू आपले दगड त्याच्याच गाडीवर चढवले. आठ वर्षं त्याने अख्ख्या दरीचं मीठ वाहिलं. खळग्यांपाशी मेंढ्यांबरोबर रेनडिअरही येत. तो दुर्बिणीतून बघे. शंभर शंभर जनावरं एकाच दगडावर, एकीची जीभ निघाली की दुसरीची. त्याला ते दृश्य आवडे. मोजायला सोपं जाई.

मग एका मार्चमध्ये त्याला एकटी उभी असलेली मादी दिसली. तो जवळ गेला, ती पळाली नाही. मान खाली, तोंडातून लाळेची तार, डोळे त्याच्याकडे वळलेले, पण बघत नसलेले. तो तिच्यापासून चार हातांवर बसला. तासाभरात ती पडली. नियम असा की कारण न कळता मेलेल्या जनावराचं डोकं तपासणीला पाठवायचं. घळ पन्नास पावलांवर होती, आणि तिच्यात ढकललेलं जनावर कुणाला सापडलं नसतं. तो घळीकडे बघत राहिला होता, असं त्याने नंतर सांगितलं नाही. त्याने डोकं कापलं, पिशवीत घातलं, फॉर्म भरला.

तीन आठवड्यांनी फोन आला. मेंदूचा आजार होता, युरोपात कधी न दिसलेला. औषध नव्हतं. आजार लाळेतून पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. शहरातून पशुवैद्य आले. त्यांची मुख्य इंग्विल नावाची बाई, चाळिशीची, कमी बोलणारी. तिने नकाशा पसरला आणि विचारलं, जनावरं कुठे एकत्र येतात?

ओद्वारच्या हातातल्या पेन्सिलीने नकाशावर फुल्या मारल्या. एक, दोन, तीन. पाचव्या फुलीला त्याच्या लक्षात आलं की आपण काय दाखवतोय. बर्फावर ओढलेली त्याच्याच घसरगाडीची वाट होती ती, एका आजारी तोंडाकडून शंभर निरोगी तोंडांकडे. इंग्विलने फक्त विचारलं, "मीठ कोण नेतं?" तो म्हणाला, "मी." तिने मान हलवली आणि लिहिलं.

फुल्या अकरा झाल्या. बाराव्या जागेवर पेन्सिल आली आणि पुढे गेली. प्रत्येक खळग्याभोवती कुंपण पडणार होतं आणि आजूबाजूचा उतार मेंढ्यांना बंद होणार होता. आजोबांच्या ओट्याखालचा उतार हे गुन्वोरचं एकमेव कुरण उरणार होतं. तो मनात म्हणाला, एवढ्या वर तसंही कोण जातंय.

उन्हाळाअखेर हुकूम निघाला. अख्खा कळप मारायचा, एकही ठेवायचा नाही. मग डोंगर पाच वर्षं रिकामा ठेवायचा आणि त्यानंतर दुसरीकडून निरोगी जनावरं आणायची. हुकुमाच्या तळाशी तोच शब्द होता: मान्य.

सहकारी दुकानात कॉफीचं यंत्र आणि चार खुर्च्या आहेत, दरीतलं सगळं तिथे ठरतं. ओद्वार पाव घ्यायला शिरला तेव्हा ताल्लेइव उठून उभा राहिला. "सरकार आलं," तो म्हणाला. "खुर्ची द्या सरकारला."

कुणी हसलं नाही. म्हणूनच ते नाव टिकलं.

"मी फक्त डोकं पाठवलं," ओद्वार म्हणाला.

"हो ना. एक डोकं पाठवलंस आणि अकराशे मागवलीस. असा दुकानदार आम्हाला मिळाला असता तर." आणि मग, खाली बसत, आवाज न चढवता, "माझा नातू यंदा पहिल्यांदा शिकारीला येणार होता. त्याला काय सांगू, पायदळ? की तुझ्या स्कूटरमागून मेंढ्यांचं मीठ गेलं?"

म्हणजे तेही दरीत पोचलं होतं. ओद्वारने पाव घेतला आणि निघाला. त्यानंतर तो पाव घ्यायला पंचवीस किलोमीटर पलीकडच्या गावात जाऊ लागला.

हिवाळाभर गोळ्या झाडल्या गेल्या. बाहेरून आणलेले चौदा नेमबाज, स्कूटर, एक हेलिकॉप्टर. ओद्वार वाटाड्या. त्याला कळपाच्या सवयी माहीत होत्या. कुठल्या वाऱ्याला जनावरं कुठे तोंड करून बसतात, कुठल्या खिंडीतून पळतात. आठ वर्षांचं प्रेम त्याने चार महिन्यांत पत्त्यांसारखं वाटून टाकलं. डोकी पिवळ्या पिशव्यांत जायची, धडं दोराला लटकून हेलिकॉप्टरखालून दरीवरून जायची, आणि खाली लोक खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे. पहिल्या दिवशी तो प्रत्येक जनावरापाशी चालत गेला. दहाव्या दिवशी वेळ उरला नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हिशेबात अकराशे चौतीस पडली होती आणि डोंगर दिसायला रिकामा होता. मेमध्ये माद्या व्यायला लागतात, त्याआधी संपवायचं होतं. बुधवारी ओद्वार शेवटच्या फेरीसाठी हेलिकॉप्टरमध्ये बसला. पायलट पंचविशीतला, च्युइंग गम चघळणारा. वरच्या कड्याकडे जाताना ओद्वारला बर्फावर खुरांची एक बारीक शिवण दिसली. ती आजोबांच्या ओट्याकडे जात होती.

"उजवीकडे घे," तो म्हणाला.

हेलिकॉप्टर उजवीकडे वळलं. शिवण मागे राहिली. आपण हे का केलं ते त्याला कळलं नाही, आणि या वेळी दोन सेकंदही लागले नव्हते.

गुरुवारी इंग्विलने त्याला बाजूला घेतलं. ती थकलेली होती, तिच्या ओठांना थंडीने भेगा पडल्या होत्या. ती म्हणाली की नेमबाजांना घरी जायचंय आणि हेलिकॉप्टर परत मागवलंय. मग कागद समोर धरून म्हणाली, "कळप संपला, असं मी लिहायचं आहे. हा डोंगर तुझ्याइतका कुणाला ठाऊक नाही. तू म्हणशील ते मी लिहीन."

"नाही संपला तर?"

"तर पाच वर्षं रिकामा ठेवून उपयोग शून्य. नवी जनावरं आणू ती पुन्हा आजारी पडतील. रस्त्यापलीकडच्या डोंगरावरचा कळपही जाईल." ती त्याच्याकडे बघत राहिली. "संपला का, ओद्वार?"

त्याने सोमवारपर्यंत वेळ मागितली.

शुक्रवारी दुपारी तो गुन्वोरकडे गेला. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. त्याने बूट काढले, मोज्यांवर आत आला आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत न बसता उभाच राहिला.

"ओट्यावर आहेत," तो म्हणाला.

"नऊ," गुन्वोर म्हणाली. "सात माद्या आणि दोन गेल्या सालच्या."

"तुला कसं माहीत?"

"कोठाराच्या वरच्या खिडकीतून दुर्बिणीने दिसतात. मेंढ्या व्यायला आठवडा आहे. तोवर मला दुसरा उद्योग काय." तिने बटाट्याचा डोळा काढला. "तुझं हेलिकॉप्टर उजवीकडे वळलं तेपण दिसलं."

तो बोलू लागला. बोललं नाही तर काय, बोललं तर काय. बोललं नाही तर कळप संपला असं लिहिलं जाईल, नऊ जनावरं जगतील, आणि त्यातलं एखादं आजारी असलं तर हे सगळं फुकट, अकराशे चौतीस फुकट. बोललं तर बारावी जागा उघडी पडेल, कुरण जाईल, तिच्या मेंढ्यांना डोंगरच राहणार नाही. त्याने हे सगळं नीट, क्रमाने मांडलं, उड्डाणाआधी मांडतात तसं. मग म्हणाला, "तू काय म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही."

"कुरण तुझं आहे, गुन्वोर."

"आहे."

"मग सांग ना. तू नको म्हणालीस तर मी इंग्विलला सांगतो, संपला. तू हो म्हणालीस तर..."

तिने सुरी ठेवली. ओले हात मांडीवर पुसले. "तेव्हा तुला वरून कागद आला होता," ती म्हणाली. "हिवाळाभर मारलीस, तेव्हाही वरून कागद होता. आता वर कुणी नाही, तर तो कागद मी लिहून द्यायचा?"

"तसं नाही."

"तसंच आहे. आजोबांनी तिथे मीठ ठेवलं, बाबांनी ठेवलं, मग तू. नकाशावर फुली मारली नाहीस, ते माझ्यासाठी. मी मागितलं होतं का? आता जे काय करशील तेही माझ्यासाठी करायचंय तुला." ती पुन्हा बटाट्यांकडे वळली. "मी मान्य करणार नाही. अमान्यपण करणार नाही. चालत जाता यावं म्हणून परत आलास ना? मग जा चालत."

तो बाहेर आला. कोठारात गेल्या वर्षीचा एक दगड उरला होता, मेंढ्यांनी अर्धा चाटलेला, मधोमध खोलगट. तो त्याने पाठपिशवीत घातला. बंदूक गाडीत होती. अंगणातून जाताना त्याने वळून बघितलं. गुन्वोर खिडकीत उभी होती. तिने हात हलवला नाही, पडदाही ओढला नाही.

स्कूटर त्याने घेतली नाही. चामड्याचे पट्टे लावलेल्या स्कीवर चढायला त्याला संध्याकाळ झाली. ओटा उघडा होता, काळा, ओला. त्याने मधोमध दगड ठेवला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बर्फात खड्डा खणला आणि आत बसला. शनिवारी काही आलं नाही. त्याने गोठलेला पाव आणि तपकिरी चीज खाल्लं. नाही आली तर काय, असा विचार त्याने करून बघितला. तो विचार इतका गोड होता की त्याने तो पुन्हा केला नाही.

रविवारी सकाळी जनावरं आली. पुढची मादी एका शिंगाची होती. तिला तो सहा वर्षांपासून ओळखत होता, मोजणीच्या वहीत तिच्या नावापुढे दर जूनला एक वासरू असे. ती सरळ दगडापाशी गेली. जिभेचा आवाज त्याला ऐकू येत होता, खरखरीत, लाकडावर कानस चालावी तसा.

या वेळी त्याच्याकडे अख्खी सकाळ होती.

पहिली गोळी एका शिंगाच्या मादीला लागली. बंदुकीच्या तोंडाला आवाज गिळणारी नळी होती. बाकीची तीनशे पावलं पळाली, थांबली, वळली. त्यांना मृत्यू कळला नसेल असं नाही. पण हिवाळाभर मिठासाठी तळमळलेल्या अंगाला दुसरंही काही कळत होतं. पाव तासाने ती परत आली. आणखी दोन पडली. ती पुन्हा पळाली, पुन्हा आली. सहा वेळा. शेवटी गेल्या सालचं एकच पिल्लू उरलं. ते आईच्या कलेवरावरून मान लांब करून दगड चाटत होतं. त्याने जीभ आत घ्यावी म्हणून ओद्वार थांबला. ते जीभ आत घेईना.

मग तो चालत गेला. चाळीस पावलं होती. सातही माद्या गाभण होत्या. आई मेली तरी पोटातली हालचाल लगेच थांबत नाही. तो प्रत्येकीपाशी बसला, हाताचा पंजा तिच्या पोटावर ठेवून, थांबेपर्यंत. सातव्या मादीला सर्वांत जास्त वेळ लागला. त्यानंतर त्याने सुरी काढली आणि नऊ डोकी कापली.

इंग्विलला त्याने ओट्यावरूनच फोन केला. आकडा सांगितला, जागा सांगितली. पलीकडे नकाशा उलगडल्याचा आवाज आला.

"इथे मीठ होतं?"

"पंचाहत्तर वर्षं."

"नकाशावर का नाही?"

"मी दाखवलं नाही."

"बुधवारी वरून दिसलं नाही?"

"दिसलं," तो म्हणाला.

प्रत्येक डोक्यामागे एक फॉर्म असतो. जागा, तारीख, वय, लिंग, गोळी कुठे लागली. शेवटच्या रकान्यात विचारलेलं असतं, निर्णय कोणाचा. हिवाळाभर तिथे खात्याचं नाव आधीच छापून येत होतं. हे नऊ फॉर्म कोरे होते. ओद्वारने नऊ वेळा आपलं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, शाळेत लिहितात तसं सावकाश.

तीन आठवड्यांनी निकाल आला. नऊही जनावरं निरोगी होती. अख्ख्या कळपात मिळून आजारी निघाली तेवीस.

इंग्विलने फोनवर सांगितलं की आधी कळायला मार्ग नव्हता, जिवंत जनावराची तपासणी होत नाही, त्याने केलं ते बरोबरच होतं. तो म्हणाला, हो. तेही बरोबरच होतं.

मे सरता सरता ओट्याभोवती कुंपण आलं, आणि खालचा उतार मेंढ्यांना बंद झाला. गुन्वोरने वर्षभर मेंढ्या घराजवळच्या कुरणात कोंडून बघितल्या. पुढच्या सप्टेंबरात कत्तलखान्याचा ट्रक दोनदा आला. शेवटची मेंढी गेल्यावर तिने वाड्याची दारं उघडी टाकली, आणि ती वाऱ्याने आपटत राहिली तरी लावली नाहीत.

त्याच महिन्यात ओद्वारला खात्याचं पत्र आलं. बारावी जागा लपवल्याबद्दल आणि खुणा दिसूनही गप्प राहिल्याबद्दल सक्त ताकीद होती, नोकरी मात्र शाबूत होती. दुसऱ्या परिच्छेदात फॉर्मबद्दल लिहिलं होतं. रक्षक असे निर्णय वैयक्तिक पातळीवर घेत नसतो, सबब नऊही फॉर्ममधला शेवटचा रकाना दुरुस्त करण्यात आला आहे. सोबत प्रती जोडल्या होत्या. त्याच्या नावावर सरळ रेघ मारलेली, वर खात्याचा शिक्का, शिक्क्यात एक शब्द.

पत्र घेऊन तो गुन्वोरकडे गेला. ती बाहेर बाकावर कॉफी पीत होती. तिने चष्मा लावून दोन्ही परिच्छेद वाचले, प्रती एकेक करून चाळल्या, आणि गुडघ्यावर ठोकून कागदांच्या कडा सारख्या केल्या.

"म्हणजे याही वेळी तू नव्हतासच," ती म्हणाली.

"मी होतो."

"मला माहीत आहे. मी बघत होते." तिने कागद परत दिले. कॉफी दिली नाही, आणि जा असंही म्हणाली नाही. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. रिकाम्या वाड्याचं दार आपटत होतं. थोड्या वेळाने तो उठला, एक दगड उचलून त्याने दाराला लावला आणि परत येऊन बसला.

अजून तो तिथेच रक्षक आहे. दर जूनमध्ये वासरं मोजायच्या टेकडीवर जातो, कारण मोजणी कामाच्या यादीतून कुणी काढलेली नाही. पालथा पडतो, दुर्बीण लावतो, वहीत तारीख घालतो आणि शून्य लिहितो. मग ओट्यापर्यंत चढून कुंपणाच्या तारा ओढून बघतो. हिवाळ्यातल्या बर्फाने एखादा खांब कललेला असतो. तो सरळ करतो. गवत कुंपणाच्या आत जास्त हिरवं आलंय, आत चरायला कुणी नसल्यामुळे. दुकानात तो पुन्हा जाऊ लागला आहे. खुर्ची द्या म्हणणारा ताल्लेइव गेल्या हिवाळ्यात गेला. आता ओद्वार आत शिरला की बाकीचे नुसते थोडे सरकून बसतात, आणि हे त्याला त्या टोमण्यापेक्षा जड जातं.